पालकांना जबाबदार धरा, पण गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

अल्पवयीन मुलाच्या हातून कुणाचा जीव गेला, कुणावर वार झाला, की दुसऱ्या दिवसापासून एक मागणी जोर धरते: याच्या आई-बापाला आत टाका. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोघांचा बळी घेतला तेव्हा ती राज्यभर झाली. कोयते नाचवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ फिरले की पुन्हा होते. मतदारसंघात लोक तुम्हालाही हेच विचारत असतील, नवा कायदा आणा म्हणून आग्रह धरत असतील. अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर येणारी मुलं, त्यांची घरं आणि त्यांनी सोडलेल्या शाळा हे आमचं रोजचं काम आहे, म्हणून हे पत्र.

मुद्दा आधीच सांगतो. पालकांची जबाबदारी आम्हाला कमी करायची नाही, ती अलीकडे ओढायची आहे. आज ती सगळ्यांना गुन्हा घडल्यावर आठवते. मूल सलग तीन दिवस शाळेत आलं नाही, त्या दिवशी ती सुरू व्हायला हवी, आणि त्या दिवशी पालकाच्या शेजारी कुणीतरी उभं असायला हवं.

पालकांना शिक्षा करणारा कायदाच नाही, हा समज खरा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली आपल्या सांभाळातल्या मुलाला मारहाण करणाऱ्या किंवा त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत. बालकामगार कायद्यातही पोटच्या मुलाला पुन्हा पुन्हा कामाला जुंपणाऱ्या पालकाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कल्याणीनगरच्या प्रकरणात मुलाच्या वडिलांवर लावलेली कलमं याच पुस्तकातली होती, त्यासाठी नवा कायदा लागला नाही.

या सगळ्या कलमांमध्ये एक समान धागा आहे, तो नीट पाहा. पालकाने काहीतरी केलं म्हणून शिक्षा आहे. किल्ली दिली, मारलं, दारू दिली, कामाला लावलं. तो बाप आहे एवढ्यावर शिक्षा नाही. ही रेषा पुसू नका, एवढी आमची पहिली विनंती आहे. ज्याने सोळाच्या पोराला गाडीची किल्ली दिली त्याच्यावर १९९-अ लावाच. आणि तो लागू नये म्हणून पोलीस ठाण्यात फोन करू नका. 'साहेब, पोरगं आपलंच आहे, समज देऊन सोडा' असा एक फोन गेला की त्या गल्लीतल्या दहा घरांत किल्ल्या पुन्हा खुंटीवरून खाली येतात.

आता ज्या पालकाने काही केलं नाही, पण ज्याला काही करताही आलं नाही, त्याच्याकडे वळू. मंडळासमोर येणाऱ्यांत हेच जास्त आहेत. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या वार्षिक अहवालातले तक्ते वर्षानुवर्षं दोन गोष्टी दाखवतात: ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी बहुसंख्य आई-वडिलांजवळ राहणारी असतात, आणि बहुसंख्य १६ ते १८ या वयातली असतात. म्हणजे घर आहे. घरातून पोरगं निसटलेलं आहे. कसं निसटलं हे सगळ्यात आधी आईला कळतं. पोराच्या पायात नवे बूट कुठून आले, हातात दुसरा मोबाईल कुणाचा, रात्री साडेअकराला खालून गाडीचा हॉर्न वाजला की तो का उठतो, हे तिला दिसतं. ही माहिती पोलिसांकडे नसते, शाळेकडे नसते. मुलाच्या गुन्ह्यासाठी आई-बापाला सरसकट शिक्षा ठेवली, तर ती माहिती त्या क्षणी बंद होते. मुलाने आणलेला मोबाईल आई लपवेल. तो गावाला गेलाय म्हणून शाळेला सांगेल. मदत मागायला आलेला माणूस आपण आरोपी होऊ या भीतीने दारातूनच परत फिरेल. ज्याच्या तोंडून सगळं कळणार आहे त्याचंच तोंड आपण बंद करू.

दंडाचंही तसंच. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ मध्ये मंडळ मुलाला किंवा पालकाला दंड भरायला सांगू शकतं. हातावर पोट असलेल्या घरात दंड कोण भरतं? उचल घेतली जाते, आणि उचल फेडायला तेच पोरगं कामावर जातं. शाळा सुटलेली होतीच, आता ती परत सुरू व्हायची शक्यताही जाते. शिवाय तारखांना बहुतेक वेळा आईच येते. वडील घरात असोत-नसोत, शिक्षेचं ओझं तिच्यावर पडेल.

परदेशांनी हे करून पाहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याने मुलांच्या गैरहजेरीसाठी पालकांवर खटला चालतो. २००२ मध्ये तिथे एका आईला मुली शाळेत जात नाहीत म्हणून तुरुंगात जावं लागलं. त्याच देशाने १९९८ च्या कायद्यात पालकांसाठी दुसरी वाटही ठेवली: न्यायालय पालकाला ठरावीक काळ समुपदेशनाच्या वर्गांना बसायला लावू शकतं. फ्रान्सने २०१० मध्ये सतत गैरहजर मुलांच्या कुटुंबांचा भत्ता रोखायचा कायदा केला आणि २०१३ मध्ये तो मागे घेतला. यातून घ्यायचंच असेल तर पालकांना शिकवण्याची वाट घ्यावी.

आपल्या मातीतलं उदाहरण याहून मोलाचं आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. हा दंड सांगताना लोक इथेच थांबतात. त्या दंडाआधी आणि दंडासोबत काय होतं, तेही सांगायला हवं: गावोगाव शाळा काढायचा खर्च दरबाराने उचलला आणि बाहेरगावच्या मुलांसाठी जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. आधी शाळा दारात आली, मग दारातून मूल का बाहेर पडलं नाही म्हणून विचारणा झाली. पुढे १९९२ मध्ये याच महाराष्ट्राने दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. एकदा रुपया घेतला, एकदा रुपया दिला. दोन्ही वेळा सरकार आधी स्वतः पुढे आलं होतं. आजच्या मागणीत हा पहिला भाग गळून पडला आहे.

आता हजेरीपटाकडे या. सगळा खेळ तिथे आहे.

शाळा बुडवणं एका दिवसात सुरू होत नाही. त्याचा ठरलेला क्रम असतो. आधी सोमवारची दांडी. मग मोठ्या सुट्टीनंतरची. मूल सकाळी दप्तर घेऊन येतं, हजेरीला 'हजर' म्हणतं, खिचडी खातं आणि भिंतीवरून जातं. हजेरी दिवसातून एकदाच, पहिल्या तासाला होत असेल तर त्या पटावर हे मूल महिनाभर हजर असतं. घरचे म्हणतात शाळेत आहे, शाळा म्हणते पटावर आहे, आणि बारा ते पाच ते कुणाच्याच हिशेबात नसतं. म्हणून आठवीपासून पुढच्या वर्गांना मोठ्या सुट्टीनंतर दुसरी हजेरी हवी. तिला चार मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. पण एक अडचण आहे आणि ती शिक्षकांच्या आळसाची नाही. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या पदमंजुरीत, पटावर ठरतात. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांत केवढं अंतर होतं, ते राज्याने पाहिलं. गैरहजर मुलाला खरोखर गैरहजर दाखवलं तर आपल्याच शाळेचं पद जाईल अशी भीती असेपर्यंत पट खरं बोलणार नाही. गैरहजेरी वेळेवर कळवणाऱ्या शाळेचं पद त्या कारणाने जाणार नाही, एवढी हमी शासन निर्णयाने मिळाली पाहिजे. ही हमी तुम्हीच मिळवून देऊ शकता.

राज्यात सलग तीस दिवस गैरहजर असलेल्या मुलाला शाळाबाह्य धरतात. तीस दिवस! तेवढ्यात चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला नवे मित्र, नवं काम, नवा दादा मिळालेला असतो. विसाव्या दिवशी वर्गात परत येणं त्याला लाजेचं होतं, कारण सगळे वळून बघणार असतात. पहिल्या आठवड्यात परत आणायला जेवढी मेहनत लागते, त्याच्या कितीतरी पट तीस दिवसांनी लागते.

आमच्या मते क्रम असा हवा. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत घरी फोन. इथेच पहिली चूक होते: शाळेच्या नोंदीतला नंबर बंद असतो, किंवा तो मुलाच्याच खिशातल्या मोबाईलचा असतो आणि 'हो सर, पप्पाच बोलतोय' असं उत्तर येतं. म्हणून जूनमध्येच प्रत्येक मुलामागे दोन नंबर घ्यावेत, एक आई किंवा वडिलांचा आणि दुसरा शेजारी किंवा नातेवाईकाचा, आणि दोन्ही शाळेतूनच एकदा लावून पाहावेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी भेट, दोघांनी मिळून. वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी पालक असावी. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांचा उपयोग १५ ऑगस्टच्या कार्यक्रमापलीकडे व्हायला हवा. सातव्या दिवसापर्यंत पालकांची बैठक. दहाव्या दिवशी लेखी योजना. पंधराव्या दिवशीही मूल आलं नाही तर केंद्रप्रमुख, शाळाबाह्य मुलांना परत आणण्याचं काम करणारे बालरक्षक शिक्षक आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं.

पालक बैठकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आज सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. चिठ्ठी जाते: 'उद्या सकाळी ११ वाजता पालकांना घेऊन ये.' अकराला येणं म्हणजे त्या बापाचा रोज बुडाला. तो येतो, शिपायासमोर बाकावर तासभर बसतो, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच मिनिटं बोलणी खातो, तीही पोरासमोर. घरी गेल्यावर पट्टा निघतो. दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेतही जात नाही आणि घरीही थांबत नाही. त्या पाच मिनिटांनी आपण पालकाला जबाबदार केलं असं शाळेला वाटतं. खरं तर मुलाचा शेवटचा आसरा गेलेला असतो.

बैठक संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी घ्यावी, चाळीस मिनिटांची. सुरुवातीला दहा मिनिटं फक्त तारखा दाखवाव्या: या दिवशी नव्हता, या दिवशी सुट्टीनंतर नव्हता. दोष कुणाला द्यायचा नाही. मग पंधरा मिनिटं पालकाला बोलू द्यावं, मूल बाहेर असताना. त्यानंतर दहा मिनिटं मुलाला आत घेऊन. शेवटच्या पाच मिनिटांत एका कागदावर चार आठवड्यांत कोण काय करणार हे लिहावं आणि एक प्रत घरी द्यावी. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावी. कागदावर पालकाचं जसं काम असेल तसं शाळेचंही असलं पाहिजे. पालकांना सांगायच्या गोष्टी नेमक्या हव्यात. 'मुलाकडे लक्ष द्या' हे वाक्य निरुपयोगी आहे, त्यातून कुणाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं: रात्री दहाला घरातले सगळे मोबाईल, मोठ्यांचेसुद्धा, एकाच जागी चार्जिंगला. मुलाच्या तीन मित्रांची नावं आणि त्यांच्या घरचे नंबर वहीत लिहिलेले. संध्याकाळी पाच ते आठ घरात किंवा ठरलेल्या जागी एक ओळखीचं मोठं माणूस. न सांगता घरात आलेली वस्तू, बूट, मोबाईल, पैसे, ती कुठून आली हे त्याच दिवशी विचारायचं, ओरडायचं नाही, आणि उत्तर जुळत नसेल तर वर्गशिक्षकांना कळवायचं. हात उचलायचा नाही. आठवड्यातून एक दिवस वडिलांनी शाळेच्या फाटकापर्यंत सोबत यायचं.

मूल का येत नाही हे शोधल्याशिवाय यातलं काहीच लागू पडणार नाही, आणि कारणं एकसारखी नसतात. सातवीतल्या मुलाला तिसरीचं वाचन येत नसेल तर त्याच्यासाठी वर्गातला प्रत्येक तास अपमान असतो. त्याला दटावून उपयोग नाही, रोज अर्धा तास वाचन शिकवणारा माणूस हवा. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहत असेल तर प्रश्न अंगणवाडीच्या वेळेचा आहे. रात्री तीनपर्यंत गेम खेळणारा सकाळी सातच्या शाळेला उठणारच नाही. कुणी मोठी मुलं वाटेत मारतात, पैसे काढून घेतात, तर तो रस्ता टाळतोय, शाळा नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरचं मूल बुडवत नाही, ते गावातच नसतं. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह वेळेवर, म्हणजे दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आधी, सुरू व्हायला हवं. आणि काही घरांत मूल कमावतं म्हणून येत नाही. तिथेच फक्त पालकाशी कायद्याच्या भाषेत बोलायची वेळ येते.

आता वयाचा प्रश्न, ज्यावर तुम्हालाच निर्णय घेता येईल. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. त्या वयातल्या मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, आणि राज्यघटनेच्या ५१-अ मध्येही २००२ च्या घटनादुरुस्तीने ते आलं आहे. कलम ८ मात्र सक्तीचा अर्थ सांगताना बोट सरकारकडे दाखवतं: प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, तिन्हींची खात्री सरकारने करायची. चौदा संपले की हे दोन्ही हात सुटतात. पंधराव्या वर्षी घातक नसलेलं काम कायदेशीर होतं. नववीला नापास झालेला मुलगा कुणाच्याच यादीत राहत नाही. आणि गुन्ह्यांच्या तक्त्यात सगळ्यात जास्त आकडा १६ ते १८ चा! ही चार वर्षं कायद्याने मोकळी सोडलेली आहेत. पालकांनी ती एकट्याने भरून काढावीत, आणि जमलं नाही तर तुरुंगात जावं, ही अपेक्षा न्याय्य नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० तीन ते अठरा वयाबद्दल बोलतं. महाराष्ट्राने शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत नेणारा कायदा करावा. तोपर्यंत नववीनंतर शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद तीन वर्षं चालू ठेवावी: आयटीआयला गेला का, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला का, कामाला लागला का, घरी बसला का. 'घरी बसला' या रकान्यातल्या मुलांकडे माणूस पाठवावा.

ज्यांच्या हातून गुन्हा घडून गेला आहे, त्यांच्याबाबतही पालकांची जबाबदारी पक्की करायला कायद्यात जागा आहे. ती वापरली जात नाही. मुलाला ताब्यात घेतल्यावर चोवीस तासांत मंडळासमोर न्यायचं असतं, पालकांना कळवायचं असतं, आणि परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलावर देखरेख ठेवून मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याने, दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर कसं आहे, शाळा कधी आणि का सुटली, सोबत कोण, हे सगळं त्या अहवालात यायला हवं. परिविक्षा अधिकारी अपुरे पडले की हा अहवाल घरी न जाता, फोनवर विचारून किंवा कार्यालयात पालकांना बोलावून भरला जातो. 'आर्थिक परिस्थिती बेताची, वाईट संगत' असं लिहिलं की झालं. त्या दोन शब्दांवर मंडळ काय आदेश देणार?

मग येतं बंधपत्र, म्हणजे पालकाने द्यायची लेखी हमी. कलम १८ खाली मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या ताब्यात देऊ शकतं, तीन वर्षांपर्यंत. पालक छापील कागदावर सही करतो किंवा अंगठा उमटवतो. कागदावर लिहिलेलं असतं की मुलाची वर्तणूक चांगली राहील. ती चांगली राहावी म्हणून सोमवारी सकाळी काय करायचं, हे त्यात कुठेच नसतं. याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात मंडळाला मुलाला शाळेत जाण्याचा, व्यवसाय प्रशिक्षण घेण्याचा, व्यसनमुक्ती उपचारांचा, ठरावीक ठिकाणी न जाण्याचा आदेश देता येतो. हे सगळं एका पानावर, बंधपत्राला जोडून, साध्या मराठीत लिहिलं गेलं पाहिजे: कोणत्या शाळेत किंवा प्रशिक्षणात, कोणत्या तारखेपासून, समुपदेशन कोणत्या वारी, किती वाजता, येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार, रात्री किती वाजता घरात, कुणाशी संपर्क नाही, परिविक्षा अधिकारी महिन्यातून कोणत्या दोन दिवशी घरी येणार. पालकाने अट मोडली तर मंडळाने त्याला बोलावून जाब विचारावा, त्यात आम्हाला काहीच गैर वाटत नाही. पण अधिकारी घरी गेलाच नाही, तर तेही त्याच पानावर दिसलं पाहिजे.

शाळेत परत घेण्याच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मुलाचं नाव कुठल्या प्रकरणात आल्याचं कळलं की पालकाला बोलावून 'दाखला घेऊन जा' असं सांगितलं जातं. मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ने बंदी आहे, आणि झालेली चूक आयुष्यभर चिकटू नये, मुलाला नवी सुरुवात मिळावी हे या कायद्याचं तत्त्व आहे. दाखला हातात घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बापाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की मुलाची जबाबदारी घ्या?

उरले ते मोठे, जे मुलांना वापरतात. चौदा-पंधराच्या पोराला वडापाव, मग पेट्रोल, मग गाडी, मग हत्यार सांभाळायला देणारा दादा चांगलाच जाणतो की लहान मुलाला शिक्षा कमी होते. कलम ८३ खाली मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपये दंड आहे. अमली पदार्थ पोचवायला मुलं वापरली तर कलम ७८ आहे. प्रत्येक प्रकरणात तपास अधिकाऱ्याने एक प्रश्न लेखी विचारला पाहिजे: हत्यार, गाडी, पैसा या मुलाकडे कुठल्या प्रौढाकडून आला? मुलाला पकडून हा प्रश्न सोडून दिला, की दादा पुढच्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतला दुसरा पोरगा उचलतो. आई या दादाला ओळखते, पण त्याला घाबरते. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याशी किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर ती बोलली तर तिचं नाव बाहेर जाणार नाही, असा भरवसा तिला मिळायला हवा.

आणि इथे तुमच्याशी थेट बोलतो. विजयाच्या मिरवणुकीत, वाढदिवसाच्या रॅलीत सगळ्यात पुढे, बिनासायलेन्सरच्या गाडीवर तीन-तीन बसलेली मुलं कोणत्या वयाची असतात, ते पुढच्या वेळी थांबून पाहा. चौकातल्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोखाली ज्यांचे फोटो ओळीने लागतात, त्यांच्यावर कोणते गुन्हे आहेत ते विचारा. पंधरा वर्षांच्या मुलाला तो फ्लेक्स रोज शाळेच्या वाटेवर दिसतो. तुमच्या रॅलीत अठराखालचा कुणी गाडीवर नको, आणि गुन्हे दाखल असलेल्याचा फोटो फ्लेक्सवर नको, हे दोन नियम तुम्ही आजपासून पाळू शकता.

येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून विचारता येतील अशा गोष्टी देतो. प्रत्येक जिल्ह्यात परिविक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि एकेका अधिकाऱ्याकडे आज किती मुलं आहेत? गेल्या वर्षी सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत किती प्रकरणांत आले? मंडळांसमोरची चौकशी कायद्यातल्या चार महिन्यांत किती प्रकरणांत संपली? कलम ८३ खाली किती प्रौढांवर गुन्हे दाखल झाले आणि किती शाबित झाले? कलम १९९-अ खाली किती पालकांवर खटले चालले? बंधपत्रावर सोडलेल्या मुलांपैकी किती जण महिन्याच्या आत शाळेत किंवा प्रशिक्षणात दाखल झाले? नववी आणि दहावीच्या मध्ये पटावरून गेलेली मुलं आज कुठे आहेत?

यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं आलं, तर उपप्रश्न विचारा: कुणाकडून, कोणत्या नोंदवहीतून, कोणत्या तारखेपर्यंत? बंधपत्राला जोडायच्या पानाचा आणि शाळेतल्या चार आठवड्यांच्या योजनेचा कच्चा मसुदा आमच्याकडे आहे. ज्या सदस्यांना तो आपल्या मतदारसंघातल्या पाच-सात शाळांत जूनपासून वापरून पाहायचा असेल, त्यांच्या मुख्याध्यापकांसोबत एक दिवस बसायला आम्ही तयार आहोत.

आपले,
बाल न्याय, शाळा आणि समुपदेशन या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही कार्यकर्ते